घरचे गाणे आणि संगणकातील साठवण

घरी गाणे ध्वनिमुद्रित करावयाचे आहे, तर संगणक कोणता घ्यावा, हा प्रश्न अलीकडे या सदराच्या वाचकांकडून वारंवार येतो. कोणाच्या सुनेचा गळा सुरेल आहे, कोणाचा नातू तबला शिकतो आहे, तर कोणाच्या घरी आजींना स्तवने आणि लग्नातील जुनी गाणी तोंडपाठ आहेत आणि ती कोठेही लिहून ठेवलेली नाहीत. प्रश्न विचारणारे गृहस्थ बहुधा दुकानात एक फेरी मारून आलेले असतात. तेथे त्यांना खेळ खेळण्यासाठी बनविलेला, रंगीत दिव्यांचा, भारी किमतीचा संगणक दाखविला गेलेला असतो आणि ‘रेकॉर्डिंगला ताकद लागते’ असे सांगितलेले असते.

माझे मत आरंभीच मांडतो. घरगुती ध्वनिमुद्रणात लोक संगणकाच्या वेगावर गरजेपेक्षा पुष्कळ अधिक पैसा घालतात आणि मुद्रित झालेला आवाज टिकविण्यावर जवळजवळ काहीच खर्च करीत नाहीत. संगणक बिघडला तर दुसरा आणता येतो. ऐंशी वर्षांच्या आजींनी एका दुपारी म्हटलेले गाणे दुसऱ्यांदा आणता येईलच असे नाही. आपल्या संगीताच्या इतिहासात याचे एक मोठे उदाहरण आहे. ग्रामोफोनचे लोक १९०२ साली कलकत्त्यात आले आणि गौहरजान यांचा आवाज तबकडीवर उतरला. पुढील वीस वर्षांत हा उद्योग देशभर पसरला. तरीही १९२२ साली निवर्तलेल्या भास्करबुवा बखले यांच्या गायनाची एकही ध्वनिमुद्रिका आज आपल्यापाशी नाही. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांच्या गुरूंचे गाणे कसे होते, हे आपण केवळ इतरांच्या लिहिण्यावरून जाणतो. त्या काळी साधन दुर्मीळ होते. आज ते प्रत्येक घरात आहे, आणि तरीही आवाज नष्ट होतात, कारण ते एकाच डिस्कवर ठेवलेले असतात.

म्हणून यंत्र निवडण्यापूर्वी मालाचा हिशेब करू. वखार किती मोठी घ्यावी हे माल किती येणार यावरून ठरते, तसेच येथे आहे. ध्वनी संगणकात साठवताना त्याची सेकंदाला हजारो वेळा मोजणी होते. सीडीसाठी ती ४४,१०० वेळा होत असे. आज ध्वनिमुद्रणात ४८,००० हा आकडा रूढ आहे. प्रत्येक मोजणी २४ बिट, म्हणजे ३ बाइट जागा घेते. तेव्हा एका मायक्रोफोनचा आवाज सेकंदाला १,४४,००० बाइट, मिनिटाला साधारण ८.६ एमबी आणि तासाला सुमारे ५२० एमबी जागा व्यापतो. आता घरची बैठक डोळ्यांसमोर आणा. एक मायक्रोफोन गळ्यासाठी, एक हार्मोनियमसाठी, दोन तबला-डग्ग्यासाठी, असे चार मार्ग झाले. तासाला साधारण २ जीबी. आठवड्याला दोन तास याप्रमाणे वर्षभर न चुकता मुद्रण केले, चुकलेले, पुन्हा घेतलेले सारे ठेवले, तरी वर्षाअखेर २१५ जीबीच्या आसपास भरते. म्हणजे १ टीबीची डिस्क चार वर्षे पुरते, तीही काहीही न पुसता.

वेगाचे गणितही असेच सौम्य आहे. चार मायक्रोफोनचा आवाज लिहिण्यास सेकंदाला ०.६ एमबीही लागत नाहीत. बत्तीस मायक्रोफोन लावले तरी ५ एमबीच्या आत काम भागते. साधी फिरती हार्ड डिस्क सलग लिहिताना सेकंदाला १०० एमबीहून अधिक पेलते, सामान्य साटा एसएसडी ५०० च्या पुढे जाते आणि एनव्हीएमई प्रकारची डिस्क हजारोंच्या घरात. दुकानदार याच शेवटच्या आकड्याची मोहिनी घालतो. तो आकडा खोटा नसतो, परंतु आपल्या कामास त्याची गरज नसते. गंमत म्हणून सांगतो : १९५६ साली आयबीएम कंपनीने बाजारात आणलेली पहिली हार्ड डिस्क सुमारे एक टन वजनाची होती, तिच्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, आणि त्या सगळ्यात मिळून आजच्या हिशेबाने आजींच्या गाण्याचे अर्धे मिनिटही मावले नसते.

मग एसएसडी कशासाठी घ्यावयाची? माझ्या मते तिचा सर्वात मोठा गुण म्हणजे तिचे मौन. फिरत्या डिस्कला मोटार असते, ती गुणगुणते, तिचे टोक हलताना कटकट असा बारीक आवाज येतो, आणि संवेदनशील मायक्रोफोन तो सारा टिपतो. एसएसडीत फिरणारे काहीच नाही. शिवाय अनेक मार्गांचे मुद्रण एकाच वेळी वाजविताना फिरत्या डिस्कच्या टोकाला इकडून तिकडे धावावे लागते, तो प्रश्नही राहत नाही. जुन्या पुस्तकांत ‘संगणकाची मूळ प्रणाली एका डिस्कवर आणि मुद्रण ७,२०० फेऱ्यांच्या वेगळ्या डिस्कवर ठेवावे’ असा सल्ला सापडतो. फिरत्या डिस्कच्या काळात तो योग्य होता. आज एकच १ टीबीची एसएसडी दोन्ही कामे निभावते. ती लिहून लिहून झिजते, ही भीती काही वाचकांनी कळविली आहे. झिजते हे खरे आहे. परंतु सॅमसंगच्या ८७० ईव्हो या १ टीबीच्या डिस्कवर कंपनी ६०० टीबी लिखाणाची हमी देते, आणि आपले गाणे वर्षाला पाव टीबीही लिहीत नाही. त्या झिजेची चिंता करण्याचे कारण नाही.

प्रोसेसर आणि रॅम यांचे दोन शब्दांत सांगता येईल. गळा, हार्मोनियम, तबला मुद्रित करून जुळवावयाचे असेल, तर गेल्या पाच-सहा वर्षांतील मध्यम प्रतीचा कोणताही प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम पुरेशी आहे. कार्यालयात वापरून विकलेला चांगल्या प्रतीचा लॅपटॉप नवी एसएसडी बसवून घेतला तरी हरकत नाही. घरातील तरुण मुलास संगणकातूनच व्हायोलिनचा ताफा किंवा पियानो वाजवावयाचा असेल, तर मात्र हिशेब बदलतो. त्या वाद्यांचे नमुने दहा-वीस जीबींपासून शेकडो जीबींपर्यंत जागा व्यापतात आणि वाजविताना रॅममध्ये चढतात. तेथे ३२ जीबी रॅम आणि वेगवान डिस्क यांवर केलेला खर्च सार्थकी लागतो. रंगीत दिव्यांच्या संगणकातील महागडे ग्राफिक्स कार्ड मात्र दोन्ही प्रकारांत बेकार बसून राहते, आणि त्याचे पंखे तेवढे घोंघावतात.

एक अडचण बहुतेकांना पहिल्याच दिवशी गाठते. कानाला हेडफोन लावून गाताना स्वतःचाच आवाज किंचित उशिरा ऐकू येतो आणि ताल डळमळतो. हा दोष डिस्कचा नव्हे. संगणक येणारा आवाज लहान लहान गठ्ठ्यांत घेतो. गठ्ठा १२८ मोजण्यांचा असेल तर सुमारे २.७ मिलिसेकंद, २५६ चा असेल तर ५.३, आणि १,०२४ चा असेल तर २१ मिलिसेकंद त्यातच जातात. येण्याजाण्याचा एकूण विलंब याच्या दुपटीहून अधिक होतो. पाच मिलिसेकंदांत ध्वनी हवेतून साधारण पावणेदोन मीटर जातो. एवढ्या अंतरावर बसलेल्या तबलजीशी आपण नेहमीच गातो, म्हणून तेवढा विलंब खटकत नाही. वीस-चाळीस मिलिसेकंद झाले की खटकतो. तेव्हा मुद्रण करताना गठ्ठा लहान ठेवावा, नंतर जुळवणी करताना मोठा करावा. यापेक्षाही सोपा उपाय असा, की ऑडिओ इंटरफेस घेताना त्यात आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनला देण्याची सोय आहे किंवा नाही हे पाहावे. ती असेल तर प्रोसेसर कितीही साधा असला तरी गायकास अडचण येत नाही. विंडोज संगणकावर त्या इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर बसवून घ्यावा, तो आपल्या विंडोजच्या आवृत्तीसाठी उपलब्ध आहे याची खात्री खरेदीपूर्वीच करावी. जुना इंटरफेस स्वस्तात मिळतो तेव्हा पुष्कळदा कारण हेच असते, की नव्या विंडोजसाठी त्याचा ड्रायव्हर निघालेलाच नाही.

दोन मायक्रोफोनांचा इंटरफेस एकट्या गायकास पुरतो. परंतु घरात साथसंगत असेल तर आरंभीच चारचा घ्यावा, कारण मायक्रोफोनच्या जागा मागाहून वाढवता येत नाहीत. सारा इंटरफेसच बदलावा लागतो. तो संगणकाला थेट जोडावा, दहा तारा एकत्र करणाऱ्या स्वस्त हबमधून नव्हे. मुद्रणाची पातळी सर्वात उंच स्वराला उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी ठेवावी. २४ बिटांत खाली एवढी मोकळी जागा असते, की आवाज हळू मुद्रित झाला तरी पुढे वाढविता येतो. वर टोक कापले गेले तर ते परत येत नाही. ९६,००० मोजण्यांचा आग्रह मी धरणार नाही. मनुष्याचा कान साधारण २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, ४८,००० मोजण्यांत २४,००० पर्यंतची कंपने येतात. दुप्पट जागा देऊन जे ऐकूच येत नाही ते साठविण्यात अर्थ नाही.

खरे भांडवल खोलीच्या शांततेत आहे, आणि त्याला पैसेही फारसे लागत नाहीत. छताचा पंखा बंद, फ्रिज शेजारच्या खोलीत, खिडकी लावलेली. लॅपटॉपचा पंखा मायक्रोफोनच्या मागील बाजूस, शक्य तितका दूर. उघड्या भिंतींचा घुमारा मारण्यासाठी गाद्या, रजया, जाड पडदे उपयोगी पडतात. आमच्या वाचकांपैकी ज्यांची कापडाची दुकाने आहेत, त्यांच्याकडे तर तयार स्टुडिओच आहे : गाठींनी आणि ठाणांनी भरलेला पोटमाळा रविवारी बंद दुकानात जितका ‘कोरडा’ असतो, तितकी खोली सामान्य घरात मिळणे अवघड. (डग्ग्याचा खर्ज कापड फारसा शोषत नाही, एवढी मर्यादा लक्षात ठेवावी.) मुद्रणात सतत घूं असा सूर येत असेल तर लॅपटॉपच्या चार्जरची तार काढून पाहावी. सूर गेला तर दोष विजेच्या अर्थिंगच्या बाजूचा आहे; वायरमनकडून सॉकेटचे अर्थिंग तपासून घ्यावे, तोवर बॅटरीवर मुद्रण करावे. लॅपटॉपची शिफारस मी याही कारणाने करतो, की ऐन गाण्यात वीज गेली तरी तो बंद पडत नाही. डेस्कटॉप असा अचानक बंद पडला, तर चालू फाइल अपुरी राहते, सहजी उघडत नाही आणि जाणकाराकडे न्यावी लागते. डेस्कटॉपच असेल तर यूपीएस अनिवार्य समजावा.

आता ज्या विषयासाठी हा लेख लिहिला त्याकडे येतो. १ जून २००८ रोजी हॉलिवूडमधील युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली. तिच्यात एक गोदाम जळाले आणि त्या गोदामात अनेक नामवंत गायक-वादकांच्या मूळ ध्वनिफिती होत्या. नेमके किती गमावले यावर पुढे पुष्कळ वाद झाला, २०१९ साली वृत्तपत्रांतून हे प्रकरण सविस्तर बाहेर आले. पण एवढी मोठी कंपनी, एवढा मोलाचा माल, आणि तो एका छताखाली होता, यात वाद नाही. व्यापारी घराण्यांना यातील चूक समजावून सांगावी लागत नाही. सारा माल एका वखारीत आणि वखारीचा विमा नाही, असा धंदा आपल्यापैकी कोणीही करणार नाही. घरचे गाणे मात्र आपण नेमके असेच ठेवतो.

पीटर क्रोग या छायाचित्रकाराने डिजिटल छायाचित्रे सांभाळण्यासाठी एक सुटसुटीत नियम रूढ केला. प्रती तीन, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. गाण्यालाही तो जसाच्या तसा लागू पडतो. पहिली प्रत लॅपटॉपच्या एसएसडीवर, जेथे काम चालते. दुसरी बाहेरून जोडण्याच्या फिरत्या हार्ड डिस्कवर. येथे स्वस्त आणि मोठी डिस्क शोभते, कारण मुद्रण चालू असताना ती कपाटात असते आणि तिचा आवाज कोणास ऐकू येत नाही. तिसरी प्रत भावाच्या घरी, विवाहित मुलीच्या घरी अथवा पैसे भरून घेतलेल्या क्लाउडवर. एकाच इमारतीतील दुकान आणि घर ही दोन ठिकाणे मानू नयेत. आग आणि पुराचे पाणी मजला विचारून येत नाही.

येथे काही गैरसमज आहेत. दोन डिस्कांवर एकाच वेळी लिहिणारी पेटी, जिला रेड म्हणतात, तिला पुष्कळ लोक दुसरी प्रत समजतात. एक डिस्क निकामी झाली तर ती वाचविते हे खरे, पण नातवाने चुकून गाणे पुसले तर ते दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी पुसले जाते. आपोआप जुळवून घेणाऱ्या क्लाउडचेही तसेच आहे. पुसलेली फाइल किती दिवस परत मिळते ते आधी पाहून ठेवावे. दुसरी प्रत असलेली डिस्क सतत जोडून ठेवू नये. विषाणू शिरला किंवा विजेचा झटका आला तर दोन्ही एकदम जातात. आणि एसएसडीवर प्रत करून ती वर्षानुवर्षे कपाटात ठेवून देण्याचा मोह टाळावा. तिच्यातील माहिती विद्युतभाराच्या रूपात असते, आणि दीर्घकाळ वीज न मिळाल्यास तो भार ओसरू शकतो. पेन ड्राइव्ह तर केवळ नेआण करण्यासाठी.

खरेदी करताना माप तपासावे. १ टीबीची डिस्क जोडल्यावर विंडोज ९३१ जीबी दाखविते, तेव्हा अनेकांना फसवणूक झाल्यासारखे वाटते. ती फसवणूक नव्हे. डिस्क बनविणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १,०२४ च्या पटीत. जुन्या बाजारातील कच्चा शेर आणि पक्का शेर यांच्यासारखा हा भेद आहे. खरी फसवणूक वेगळी असते. अतिशय स्वस्तात विकल्या जाणाऱ्या ‘२ टीबी’च्या काही पेन ड्राइव्ह आणि छोट्या एसएसडींत प्रत्यक्षात ३२ किंवा ६४ जीबीच असतात आणि संगणकाला खोटा आकडा सांगण्याची व्यवस्था केलेली असते. तेवढी जागा भरली की पुढील गाणी लिहिल्याचे दिसते, मात्र ती कोठेच नसतात. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचे विनामूल्य साधन संपूर्ण डिस्क भरून ती परत वाचून पाहते. रात्री लावून ठेवावे, सकाळी निकाल मिळतो. नवीन माल तोलून घेतल्यावाचून वखारीत जाऊ नये.

फाइल कोणत्या रूपात ठेवावी? मूळ मुद्रण वेव्ह स्वरूपात ठेवावे. जागा वाचवावयाची असेल तर फ्लॅक स्वरूप चालते. त्यात आकार बराच कमी होतो आणि आवाजातील एकही मोजणी गमावत नाही. एमपी३ नातेवाइकांना पाठविण्यासाठी ठीक आहे, मूळ प्रत म्हणून कधीही नव्हे. वेव्ह फाइलला साधारणपणे ४ जीबीची मर्यादा असते, म्हणजे दोन मार्गांचे मुद्रण चार तासांपर्यंत. दिवसभराचा कार्यक्रम मध्ये थांबून तुकड्यांत घ्यावा. ज्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवणी केली त्याची फाइल वीस वर्षांनी उघडेल याची शाश्वती नाही, म्हणून प्रत्येक मार्ग वेगळ्या वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवावा. आरंभासाठी ऑडॅसिटी हे विनामूल्य सॉफ्टवेअर पुरेसे आहे, आणि मॅक संगणकावर गॅरेजबँड मिळतेच.

ज्यांच्या घरी जुन्या कॅसेटी आहेत त्यांनी नव्या मुद्रणाआधी त्यांचे काम हाती घ्यावे. आपल्याकडील पावसाळी दमटपणात फितीवर बुरशी धरते; ती दिसली तर कॅसेट वाजवून पाहू नये, आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी, अन्यथा बुरशी यंत्रात आणि तेथून दुसऱ्या फितीत जाते. साठ मिनिटांची कॅसेट २४ बिटांत सुमारे १ जीबी होते. शंभर कॅसेटी म्हणजे केवळ १०४ जीबी. या कामाला जागा नगण्य लागते. लागतो तो वेळ, कारण साठ मिनिटांची कॅसेट साठ मिनिटेच घेते. म्हणून हे काम रोज एक याप्रमाणे घरातील एखाद्या निवृत्त वडीलधाऱ्यांकडे सोपवावे. गाणारे कोण, मागे टाळी कोण देत आहे, हे ओळखणारेही तेच असतात.

प्रत्येक फाइलच्या नावात वर्ष, महिना, दिवस, गाणाऱ्याचे नाव आणि गाण्याचे पहिले शब्द असावेत. ‘नवीन रेकॉर्डिंग १७’ या नावाची फाइल दहा वर्षांनी कोणी उघडत नाही. सोबत एका साध्या वहीत तीच नोंद करावी : कोठे मुद्रित केले, साथीला कोण होते, गाणे कोणाकडून शिकलेले. दिवाळीत नव्या वह्या घालताना दोन्ही बाहेरील प्रती जोडाव्यात, वर्षभरातील नवीन मुद्रण त्यांवर उतरवावे आणि निरनिराळ्या वर्षांतील पाच-सहा फाइली उघडून शेवटपर्यंत ऐकाव्यात. ऐकताना कट्ट असा आवाज आला, फाइल मध्येच थांबली किंवा डिस्क जोडल्यावर नेहमीपेक्षा सावकाश दिसू लागली, तर त्याच दिवशी नवी डिस्क आणून प्रत करून घ्यावी. काही झाले नाही तरी बाहेरील हार्ड डिस्क चार-पाच वर्षांनी बदलावी, आणि जुनीवर तारीख लिहून ती चौथी प्रत म्हणून गावच्या घरी पाठवून द्यावी.